दर उन्हाळ्यात स्पेक्ट्रमचं चित्र का जातं? एचडीएमआय अडॅप्टर तापण्याच्या दुखण्याचा माग

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, त्याच्या मागच्या एज कनेक्टरवर (बोर्डच्या कडेला बाहेर आलेल्या धातूच्या पट्ट्यांवर) बसणारा एचडीएमआय अडॅप्टर आणि घरातला साधा एलईडी टीव्ही. चालू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं चित्र अगदी स्वच्छ. मग पडदा एक-दोनदा क्षणभर काळा होतो, परत येतो आणि शेवटी टीव्हीवर ‘नो सिग्नल’. अडॅप्टरला हात लावावा तर चांगलाच गरम. दहा मिनिटं सगळं बंद ठेवलं की पुन्हा पहिल्यासारखं सुरू.

माझ्याकडचा स्पेक्ट्रम मामाचा. १९८६ च्या सुमारास भारतात परवान्यावर बनू लागलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस. मामाने यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवून आम्हा भाचरांचे कितीतरी मे महिने मार्गी लावले. नंतर तो वीस वर्षं माळ्यावर होता. जुना टीव्ही गेला, आणि आताच्या टीव्हीवर आरएफचं, म्हणजे अँटेनाच्या तारेतून येणारं, चित्र बघवत नाही, म्हणून अडॅप्टर घेतला. आम्ही कोथरूडला शेवटच्या मजल्यावर राहतो. एप्रिलमध्ये दुपारी तीनला स्लॅब तापलेला असतो आणि खोलीत ३६-३७ अंश सहज असतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण या सगळ्या प्रकरणात ऋतूनेच मला सगळ्यात जास्त चकवलं.

पहिल्या उन्हाळ्यात मी थेट अडॅप्टरवर ठपका ठेवला. मेच्या शेवटी दुसरा मागवला, तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हातात आला. लावला, चार तास चालला, मी खूश. पण तोवर पाऊस सुरू झाला होता आणि खोली २६ अंशांवर आली होती. मार्चमध्ये दुखणं जसंच्या तसं परत. दुसऱ्या उन्हाळ्यात अडॅप्टरवरच्या चिपला छोटा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) चिकटवला, शेजारी ५ व्होल्टचा इवलासा पंखा बसवला. अडॅप्टर खरोखर गार राहू लागला, पण चित्र मात्र पंचविसाऐवजी विसाव्या मिनिटालाच जायला लागलं. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला. तापणारी वस्तू गार केली आणि बिघाड लवकर आला, म्हणजे बिघाड त्या वस्तूत नाही. तो पंखा मी स्पेक्ट्रमच्याच ५ व्होल्टवर जोडला होता.

आधी ठरवा: कोण पडतंय?

या जातीचे अडॅप्टर कसे चालतात ते थोडक्यात. स्पेक्ट्रममध्ये चित्र तयार करायचं काम यूएलए ही चिप करते. एज कनेक्टरवरचा अडॅप्टर मात्र यूएलएच्या चित्राला हात लावत नाही. तो बसवर, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीला जोडणाऱ्या तारांवर, कान देऊन बसतो. झेड-८० प्रोसेसर १६३८४ या पत्त्यापासूनच्या ६९१२ बाइटमध्ये, म्हणजे पडद्याच्या मेमरीत, जे काही लिहितो ते तो टिपून घेतो, आणि त्याच्यावरचा रास्पबेरी पाय झीरो हा चिमुकला कॉम्प्युटर तेच चित्र नव्याने काढून एचडीएमआयवर पाठवतो. म्हणजे इथे दोन वेगळे कॉम्प्युटर आहेत, पण ५ व्होल्ट दोघांना एकाच ठिकाणाहून मिळतात. चित्र गेलं म्हणजे स्पेक्ट्रमच गेला असं समजायचं कारण नाही.

हे ओळखायला माझी पद्धत अगदी साधी आहे. तीन ओळींचा प्रोग्रॅम टाईप करायचा: पहिल्या ओळीत बीप, दुसऱ्या ओळीत पॉज ३०००, तिसऱ्या ओळीत पुन्हा पहिल्या ओळीकडे गो टू. पॉज ५० म्हणजे एक सेकंद, त्यामुळे स्पेक्ट्रम दर मिनिटाला एकदा आतल्या स्पीकरमधून वाजतो. आता घड्याळ लावून बाजूला बसा. चित्र गेल्यावरही बीप येत राहिला, तर प्रोसेसर आणि मेमरी शाबूत आहेत. बीप थांबला आणि गार झाल्यावर पडद्यावर सिंक्लेअरची १९८२ ची कॉपीराइटची ओळ दिसली, तर मशीन रीसेट झालंय आणि गडबड मुळापाशी, वीजपुरवठ्यातच आहे.

माझा बीप चित्र गेल्यावर अकरा मिनिटं येत राहिला, मग थांबला. म्हणजे आधी अडॅप्टर, मागाहून कॉम्प्युटर. एकच कारण दोघांना ओढत असेल तर नेमकं असंच दिसेल.

मोजमाप

झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी मेमरीचे व्होल्टेज बघा. खालच्या १६ के मेमरीतल्या ४११६ जातीच्या चिपना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यातले −५ गायब असतील तर त्या चिप तापून मरतात. तिथे चूक दिसली तर मशीन लगेच बंद करा आणि आधी तेवढंच दुरुस्त करा. माझ्याकडे तिन्ही ठीक होते.

मग ५ व्होल्टची वाट. मल्टिमीटरचा काळा प्रोब ५ व्होल्ट बनवणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरच्या धातूच्या पाठीवर धरता येतो, कारण ती पाठ ग्राउंडलाच जोडलेली असते. लाल प्रोब एकदा स्पेक्ट्रमच्या बोर्डवर, ७८०५ च्या आउटपुटला, आणि एकदा थेट अडॅप्टरवर. थंड असताना मला बोर्डवर ४.९८ मिळाले आणि अडॅप्टरवर ४.८२. चोविसाव्या मिनिटाला बोर्डवर ४.७४ आणि अडॅप्टरवर ४.५७, आणि त्याच मिनिटाला टीव्ही काळा.

आता काळा का, तर एचडीएमआयच्या केबलमधून चित्राबरोबर ५ व्होल्टची एक तारही जाते. ते व्होल्ट चित्र पाठवणाऱ्याने टीव्हीला द्यायचे असतात, आणि टीव्ही त्यावरूनच ओळखतो की पलीकडे कुणीतरी आहे. नियमाने टीव्हीपर्यंत किमान ४.७ पोचायला हवेत. त्याखाली गेलं की केबल काढल्यासारखंच टीव्ही वागू शकतो. पाय झीरो तोवर आत बिनबोभाट काम करत असतो. मोठ्या रास्पबेरी पायवर व्होल्टेज कमी पडलं की पडद्यावर विजेचं चिन्ह येतं, पण झीरोवर ते ओळखणारं सर्किटच नाही, त्यामुळे आधी काही इशारा मिळत नाही.

आणि अडॅप्टरची स्वतःची उष्णता? पाय झीरोची चिप ८५ अंशांला गेल्यावर स्वतःहून वेग कमी करते. माझ्या अडॅप्टरवर चित्र जाताना ५८ अंश होते. हाताला ५८ अंश चटका देतात, पण त्या चिपला त्याचं काही नाही. बोटाने तापमान पारखण्याची सवय मी याच वेळी सोडली आणि मल्टिमीटरबरोबर येणारी तापमान मोजायची तार वापरायला लागलो. ती ७८०५ च्या पाठीवर लावली तेव्हा आकडा आला १०८.

पासोड्या विठोबापाशी विचारलेला एक प्रश्न

नवा ७८०५ घ्यायला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरचे काका साठीच्या पुढचे, आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेले. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ७८०५ काढला, पण हातात मात्र दिला नाही.

“पॉवर सप्लाय कुठला वापरताय?”

“ट्रान्सफॉर्मरवाला आहे काका, नऊ व्होल्टचा. इथूनच बांधून घेतला होता.”

“नऊचा आहे असं त्याच्यावर लिहिलंय. मोजलाय का तुम्ही? मशीन चालू असताना?”

मोजला नव्हता. तीन उन्हाळ्यांत मी पाच व्होल्ट शंभरदा मोजले होते आणि नऊ व्होल्ट एकदाही नाही.

घरी येऊन मोजले. संध्याकाळी सात वाजता, मशीन चालू असताना, ७८०५ च्या इनपुटला १२.१ व्होल्ट. रात्री साडेअकराला तेच १३.३. भिंतीतला सॉकेट तपासला तर संध्याकाळी २२४ आणि रात्री २४७. अशा जुन्या पद्धतीच्या सप्लायमध्ये फक्त ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर असतात, रेग्युलेशन काही नसतं. त्याच्यावरचे ९ व्होल्ट हे पूर्ण लोडवरचे असतात, कमी लोडवर तो बराच जास्त देतो, आणि लाइनचं व्होल्टेज चढलं की तोही चढतो. रात्री खोली गार झाल्यावरही चित्र का जायचं हे कोडं तिथे सुटलं.

पुढचा हिशोब शाळेतला आहे. ७८०५ ही लिनिअर रेग्युलेटरची चिप. वरचे जे व्होल्ट नको असतात ते ती उष्णता करून टाकते. इनपुटमधून ५ वजा करा, त्याला करंटने गुणा, झाले वॉट. माझ्या स्पेक्ट्रमला ७८०५ मधून सुमारे ०.६५ अँपिअर लागतात, अडॅप्टर आणखी ०.२ घेतो. मिळून ०.८५. संध्याकाळी ७.१ गुणिले ०.८५ म्हणजे ६ वॉट. रात्री ८.३ गुणिले ०.८५ म्हणजे ७ वॉट. अडॅप्टर नसता तर संध्याकाळी ४.६ वर भागलं असतं. म्हणजे अडॅप्टरने स्वतः जेवढी उष्णता काढली, त्याहून जास्त ७८०५ मध्ये काढायला लावली, आणि तीही बंद डब्यात, चाळीस वर्षांच्या कपॅसिटरांच्या शेजारी.

पाठीवर १०८ म्हणजे आतली सिलिकॉनची चिप त्याहून बरीच वर. त्या पॅकेजमध्ये दर वॉटला सुमारे ५ अंश धरले तर संध्याकाळीच १३८. ७८०५ ला स्वतःला वाचवायची सोय आहे: १५० च्या आसपास ती आउटपुट आवळायला लागते. रात्रीच्या ७ वॉटला ती नेमकी तिथे पोचत होती. संध्याकाळी एवढं टोक गाठलं जात नव्हतं, पण गरम चिपचं व्होल्टेज थोडं घसरायला आणि कनेक्टरमधली व्होल्टेजची घट त्यात मिळायला तेवढं पुरत होतं.

मी काय केलं, कुठल्या क्रमाने

पहिला आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो सप्लाय बदलल्याने. ९ व्होल्ट, २ अँपिअरचा रेग्युलेटेड एसएमपीएस घेतला. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: स्पेक्ट्रमच्या जॅकमध्ये मधली पिन निगेटिव्ह आहे. बाजारातले बहुतेक सप्लाय मध्ये पॉझिटिव्ह असतात. तसाच लावला तर मशीनची हानी होते. मी प्लग कापून तारा उलट जोडल्या, मीटरने दोनदा तपासल्या आणि वायरवर लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली. आता इनपुटला दिवसा-रात्री ८.९ व्होल्ट, आणि ७८०५ मध्ये ३.३ वॉट. जवळपास निम्मे.

मग ७.५ व्होल्टचा सप्लाय का नाही, उष्णता आणखी कमी होईल, असं मनात येतं. ७८०५ ला इनपुट किमान ७ व्होल्ट लागतं, म्हणजे कागदावर ते जमतं. पण मेमरीसाठी १२ आणि −५ व्होल्ट बनवणारं छोटं सर्किट त्याच ९ व्होल्टच्या वाटेवर चालतं. ४११६ चा जीव त्याच्यावर आहे, म्हणून मी ९ च्या खाली गेलो नाही.

दुसरं, हीटसिंक कंपाउंड. ७८०५ सोडवला तर खाली पांढरी वाळलेली पपडी होती, नखाने निघणारी. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसल्या, नव्या कंपाउंडचा पातळ थर दिला, स्क्रू आवळला. अभ्रकाचा तुकडा घालायची गरज नाही, पाठ ग्राउंडच आहे. थर जाड नको. कंपाउंड दोन धातूंमधली हवा भरून काढायला असतं, जाड लावलं तर तेच आड येतं.

तिसरं, एज कनेक्टर. बोर्ड आणि अडॅप्टर यांच्यात ०.१६ व्होल्टचा फरक होता तो इथला. कडेच्या पट्ट्या काळवंडलेल्या होत्या. मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवला, मग आयसोप्रोपाइल आणि सुती कापड. फरक ०.०३ वर आला. पॉलिश पेपर वापरू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पट्ट्या अजून काळ्या पडतात. आणि मशीन चालू असताना अडॅप्टर काढणं-घालणं कधीही नको. खालच्या बाजूला ५ आणि ९ व्होल्टच्या पट्ट्या एकमेकींच्या शेजारी आहेत, कनेक्टर तिरका झाला की ९ व्होल्ट थेट चिपमध्ये.

पंखा काढून टाकला. पायवरचा हीटसिंक राहू दिला, त्याने नुकसान काही नाही.

दोन उपाय मी केले नाहीत, पण तुमच्या मशीनला लागू शकतील. एक म्हणजे ७८०५ च्या जागी बसणारा तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर. त्यात अर्ध्या वॉटच्या आतबाहेर उष्णता निघते, हीटसिंकची गरज उरत नाही. घेताना १ अँपिअरवाला न घेता २ अँपिअरवाला घ्या, कारण अडॅप्टरसकट आपण १ च्या फार जवळ असतो. मामाच्या मशीनमध्ये मूळ ७८०५ राहावा अशी माझी इच्छा होती आणि ३.३ वॉट त्याला झेपतात, म्हणून थांबलो. दुसरा उपाय म्हणजे अडॅप्टरला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय. हा मला पटत नाही. दोन्ही ५ व्होल्ट एकमेकांना जोडले जाऊ नयेत म्हणून कनेक्टरवरची ती पट्टी झाकावी लागते. ग्राउंड मात्र एकच लागतं. आणि स्पेक्ट्रम बंद असताना अडॅप्टर चालू राहिला तर डेटाच्या तारांतून करंट उलटा जुन्या चिपमध्ये शिरतो. करायचंच असेल तर दोन्ही एकाच स्पाइक गार्डच्या एकाच बटणावर ठेवा.

दुसरी मशीन असतील तर

कमोडोर ६४ मध्ये रोग जवळचा, पण वाट वेगळी. तिथे चित्राची व्हीआयसी चिपच खूप तापते. जुन्या बोर्डांवर तिला ५ बरोबर १२ व्होल्टही लागतात. मूळ रचनेत तिच्यावरच्या पत्र्याच्या झाकणाची जीभ चिपला टेकलेली असते आणि मध्ये कंपाउंड असतं, म्हणजे तो पत्रा हाच हीटसिंक. काही अडॅप्टर त्या चिपच्या खाली बसतात. चिप वर उचलली जाते, झाकण लागत नाही, आणि लोक ते काढून बाजूला ठेवतात. तसं केलंत तर चिपवर वेगळा हीटसिंक लावल्याशिवाय मशीन चालू करू नका.

१९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या योजनेत शाळांना मिळालेले बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर अजून कुणाकुणाकडे आहेत. त्यातल्या सुरुवातीच्या बोर्डांवरची व्हिडिओ यूएलए मुळातच हीटसिंक लावून येत असे. तो निघालेला असेल तर परत बसवा. पण त्याआधी पॉवर सप्लायमधला मेन्स फिल्टरचा कपॅसिटर बदला. तो म्हातारा झाला की धूर काढून फुटतो.

तपासणी कशी केली

पावसाळ्यात पास झालेली दुरुस्ती मी आता पास मानत नाही. या वेळी काम संपलं तेव्हा वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते आणि खोलीत २९ अंश होते. म्हणून मिक्सरचा पुठ्ठ्याचा रिकामा खोका स्पेक्ट्रमवर पालथा घातला, आत तापमानाची तार सोडली आणि शेजारी ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून खोक्यातली हवा ३८ वर आणून धरली. असं करताना समोरून उठू नका, पुठ्ठा आणि बल्ब यांत वीतभर अंतर ठेवा. बीपचा प्रोग्रॅम चालू केला. पहिल्या तासात ७८०५ ची पाठ ६७ वर जाऊन स्थिरावली. तीन तासांनी अडॅप्टरवर ४.९५ व्होल्ट होते. १८० बीप झाले, चित्र एकदाही गेलं नाही.

रविवारी मामा आला. त्याने खुर्ची ओढली, माझा प्रोग्रॅम थांबवला आणि आठवणीतून स्वतःचा एक टाईप करायला घेतला, पडद्यावर वर्तुळं काढणारा. चौथ्या ओळीला अडला, विचारात पडला, मग आठवलं. दुपारी दोन ते साडेपाच मशीन चालू होतं. निघताना म्हणाला, “अरे, आता टेपरेकॉर्डर बघ. माझ्या कॅसेटी आहेत अजून.” त्याचा हेड वाकडा झालाय, कॅसेट अर्ध्यावर अडकतात. पुढच्या आठवड्यात ते काम आहे.